परक्या कुळाचं रक्त

माझा मोठा भाऊ सोयरीक घेऊन माझ्या दारात आला, तेव्हा मी त्याच्या हातातला नारळ घेतला नाही. उलट त्याच्याच हातात एक कागद दिला. आमच्या लोकांत बहिणीला भावाचा याहून मोठा अपमान करता येत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी ते केलं. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

सोयरीक त्याच्या मुलीची होती, माझ्या मुलासाठी. आम्ही बेंगळुरात पाच-सहा पिढ्या मुरलेली मराठी माणसं. घरात मराठी बोलतो, पण ती अशी, की पुण्याहून कोरमंगल्यात नोकरीला आलेला माणूस पहिली दोन वाक्यं नुसता बघत राहतो. भाषेत आम्ही कानडी कितीही मिसळू दिली असली तरी चालीरीतींना मात्र वारा लागू दिलेला नाही. त्यातली पहिली चाल ही, की भावाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क. भाचीच्या बारशाला मीच पाळण्यात वाकून तिच्या कानात तिचं नाव सांगितलं होतं. माझा चार वर्षांचा मुलगा माझं लुगडं धरून शेजारी उभा होता. बायका म्हणाल्या, "घे, सून झाली तुला." मी हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, कारण जे ठाऊक असायला हवं होतं ते तेव्हाही मला ठाऊक होतं.

ते काय, हे सांगायचं तर माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. चालायला लागली ती इतर मुलांसारखीच, वर्षाच्या सुमाराला. पण तिसऱ्या वर्षी तिची चाल बिघडायला लागली. पाय फाकवून चालायची, वळताना तोल जायचा, सपाट जमिनीवर पडायची. आई ओरडायची, "खाली बघून चाल." ती खाली बघून चालायची आणि तरी पडायची. पाचव्या-सहाव्या वर्षी तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल रेषा उमटल्या. शेजारणी म्हणाल्या, डोळे आलेत, आणि आईने गुलाबपाणी घातलं. सर्दी-खोकला तर बारा महिने. बोलणं हळूहळू जड झालं, शब्द ओढून ओढून काढावा लागायचा. बसवनगुडीतल्या आमच्या शाळेतल्या बाईंनी तिला आळशी ठरवून मागच्या बाकावर बसवलं. मी जाऊन बाईंशी भांडले आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. ते भांडण माझ्या आयुष्यातलं पहिलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तिला बिचारी म्हणणारे पुष्कळ होते, पण बिचारी ती अजिबात नव्हती. कुणी न विचारता तिला उचललं तर ती कडकडून चावायची. चिकपेटेत बाबांचं साडीच्या किनारी आणि लेस विकण्याचं लहानसं दुकान होतं. सुटीच्या दिवशी बाबा तिला तिथे नेऊन गादीवर बसवायचे. गिऱ्हाईक बाई भाव थोडा कमी करायला म्हणायची, "स्वल्प कम्मी माडी." ही तिच्याकडे शांतपणे बघत, एकेक अक्षर जोडून म्हणायची, "आगोदिल्ला, अक्का." होणार नाही म्हणजे नाही. ते एवढं उच्चारायला तिला इतका वेळ लागायचा, की तोवर बाई हसून किनार बांधून घ्यायला सांगायची. बाबा म्हणायचे, हीच माझं दुकान चालवील.

ती आठ वर्षांची असताना तिच्या मानेत गाठी आल्या. वेगवेगळ्या डॉक्टरांकडून फिरत फिरत आम्ही शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. गाठी कॅन्सरच्या निघाल्या. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून बरंच काही विचारलं. मी चौदा वर्षांची होते आणि बाबांच्या खुर्चीमागे उभी होते, पण माझं लक्ष बहिणीकडे होतं. ती स्टुलावर बसत नव्हती आणि नर्सला चावायच्या बेतात होती. म्हणून तो एक प्रश्न आणि बाबांचं उत्तर मी त्या दिवशी ऐकलंच नाही.

मग तिच्या मानेला किरणांचा उपचार सुरू झाला. पहिला आठवडा बरा गेला, गाठी खरोखरच लहान झाल्या. आईने कितीतरी दिवसांनी पुरणपोळी केली. नंतर मानेची कातडी लाल झाली, मग काळी पडली, मग सुटायला लागली. घशात आत काय झालं असेल ते बाहेरच्यावरून कळत होतं. तिला पाण्याचा घोट गिळवेना. डॉक्टरांनी उपचार थांबवला, मलमं दिली, सलाईन लावलं. जखम खोलच जात राहिली. दीड महिन्यात ती गेली. कॅन्सरने नाही, उपचाराने गेली.

मी गेली सत्तावीस वर्षं याच उपचाराच्या मशीनवर काम करते, म्हणून जबाबदारीने सांगते, की तो डोस चुकलेला नव्हता. तसल्या गाठी असलेल्या इतर कुठल्याही मुलाला तो बरोबर होता. फक्त तिला नव्हता.

लोक म्हणाले, कुलदेवीचं काहीतरी राहून गेलं असेल. आईने ते मानलं आणि मरेपर्यंत मंगळवार केले. भावाने तर तिच्याबद्दल बोलणंच सोडलं. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नंतर तिचा फोटो दुकानात लावायचा म्हटलं तर तो उठून जायचा.

मी रेडिओथेरपीचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाबांनी जेवण टाकलं. "त्या खोलीत पाऊल ठेवलंस तर माझ्याशी बोलू नकोस," म्हणाले. मी ठेवलं. आठवडाभर त्यांनी अबोला धरला, मग त्यांनाच राहवेना. तिथे का जायचं होतं हे मला धड सांगता आलं नसतं. माझ्या बहिणीला ज्या खोलीत एकटीला झोपवून सगळे बाहेर निघून गेले, त्या खोलीत काय घडतं ते मला बघायचं होतं, इतकंच.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी आमचे सर किरणांना न सोसणाऱ्या आजारांबद्दल शिकवत होते. त्यांनी एका दुर्मीळ आजाराचं वर्णन केलं. मूल वेळेवर चालायला लागतं आणि मग तोल जायला लागतो. बोलणं जड होतं. डोळ्यांत लाल रेषा येतात. सतत सर्दी-खोकला. पुढे रक्ताचा नाहीतर गाठींचा कॅन्सर, आणि अशा मुलाला नेहमीचा डोस दिला तर कातडी आणि आतले अवयव जळून जातात. सर म्हणाले, आई आणि वडील दोघांकडूनही तोच दोष आला तरच हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो आणि म्हणून डॉक्टर आधी तेच विचारतात. मी वही मिटली आणि वर्गातून उठून बाहेर गेले. बाहेर गुलमोहोराखाली किती वेळ बसले होते ते आठवत नाही.

तिथून बस पकडून सरळ चिकपेटेत गेले. बाबा गजाने किनार मोजत होते. मी विचारलं, "डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं का, तुमचं लग्न रक्ताच्या नात्यात झालंय का म्हणून?"

"विचारलं होतं की."

"तुम्ही काय सांगितलं?"

"खरं तेच. नाही म्हणालो."

"बाबा, आई तुमच्या मामाची मुलगी."

"मग?" बाबा खरोखरच गोंधळले होते. "तिचं कुळ वेगळं, देवक वेगळं. भाऊकीतली कुठं होती ती? परक्या कुळाचं रक्त ते. आमच्यात रक्ताच्या नात्यात लग्न करत न्हाईत गं."

बाबा खोटं बोलले नव्हते, हे मला तिथे त्या लेसच्या ढिगापुढे उभं राहून कळलं. आमच्या हिशेबात रक्त बापाकडून येतं. चुलत्याची मुलगी बहीण, तिच्याशी लग्न म्हणजे पाप. मामाची मुलगी मात्र दुसऱ्या घरची, देवक वेगळं, म्हणून चालते, चालते काय, तीच आधी बघायची. आईच्या पोटातून काही आपल्यात येतं हे आमच्या जुन्या माणसांच्या गणितात बसतच नाही. दुसऱ्या कुणी माणसाने लाजून नाही म्हटलं असतं. बाबांनी मान ताठ ठेवून नाही म्हटलं, कारण त्यांना वाटलं की डॉक्टर आमच्या घराण्याच्या शुद्धतेबद्दल विचारताहेत.

मी त्यांना समजावून सांगितलं. ते किनार गुंडाळत ऐकत राहिले. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे मी हो म्हटलं असतं तर तिला ते किरण दिले नसते?"

"दुसरं काही करून बघितलं असतं कदाचित. किरण कमी दिले असते. गाठी होत्याच, बाबा. ती वाचलीच असती असं नाही."

"पण अशी गेली नसती."

मी किनारीचं बंडल उचलून फळीवर ठेवलं. बाबा म्हणाले, "आईला सांगू नको. अण्णाला पण नको." अण्णा म्हणजे माझा भाऊ. मी कबूल केलं, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. पुढे बाबा गेले, आई गेली, मी मात्र गप्पच राहिले. भावाने बाहेरची मुलगी केली, माझं लग्नही बेळगावकडच्या, नात्याबाहेरच्या माणसाशी झालं. मला वाटलं, संपलं सगळं. आणि बारशाला बायका म्हणाल्या, सून झाली तुला, तेव्हा मी हसले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या स्तनात मलाच गाठ लागली. रोज इतरांच्या छातीवर खुणा करणारी मी, आता माझ्यावर खुणा होणार होत्या. ऑपरेशन झालं. माझी हकीकत ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा आमच्याकडची आनुवंशिकतेची सल्लागार, एक तरुण मुलगी, माझ्यासमोर कागद घेऊन बसली आणि आमच्या घराचं झाड काढू लागली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आईबाबांच्या मध्ये तिने दोन रेघा ओढल्या, रक्ताच्या नात्याच्या. बाबा असते तर तिला म्हणाले असते, एक रेघ खोड.

बहिणीच्या आजारामागे जो जीन होता त्याच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. त्याचं काम मला माझ्या परीने असं समजलंय. किरण पडला की पेशीतला धागा तुटतो. दुकानात साडी कुठे उसवली तर ती बघून रफूवाल्याला हाक मारणारा कुणीतरी लागतो, तसं ते काम. माझ्या बहिणीकडे ती हाक मारायला कुणीच नव्हतं, दोन्ही प्रती बिघडलेल्या. माझी एक बिघडलेली आणि एक चांगली. तेवढ्यावर माणूस नीट चालतो, बोलतो, संसार करतो, फक्त स्तनाच्या कॅन्सरची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते.

मला किरण द्यायचे की नाही यावर डॉक्टर माझ्याशी मोकळेपणाने बोलले. एक प्रत चांगली असलेल्यांना ते सहसा सोसतात, म्हणाले, तरी ठरवायचं तुम्ही. मी म्हणाले, द्या. माझ्याच मशीनखाली मी झोपले. मी शिकवून तयार केलेल्या मुलीने माझ्या अंगावरच्या खुणा लेझरच्या रेषेशी जुळवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतल्या. मी तिला म्हटलं, "नीट बघ. मी गिऱ्हाईक नव्हे, तुझी परीक्षा हाय." मग सगळे बाहेर गेले आणि जाड दार बंद झालं. माझी कातडी लाल झाली, थोडी सोलली आणि महिन्याभरात बरी झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढ्याशा फरकावर मी जगले आणि ती जळली, याचा राग.

मी भावाला सांगायला गेले. पहिल्यांदा सगळं सांगितलं, बाबांच्या उत्तरासकट. "तू पण तपासून घे," म्हटलं. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? पुरुषाला कसला आलाय छातीचा कॅन्सर. कशाला सुम्ने, उगाच डोक्याला ताप." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच्या बायकोने, माझ्या वहिनीने, मला गुपचूप कॉफी आणून दिली. ती हुबळीची, समंजस बाई. पण नवऱ्यापुढे ती बोलली नाही.

आणि त्यानंतर दसऱ्याला तोच भाऊ नारळ आणि साडी घेऊन माझ्या दारात. मुलं एकमेकांना पसंत होती हे मला ठाऊक होतं. माझा मुलगा आणि ती लहानपणापासून भांडत-खेळत वाढलेली, आणि मागच्या वर्षभरात भांडणं कमी होऊन फोन वाढले होते. मी डॉक्टरांची चिठ्ठी आधीच लिहून घेऊन ठेवली होती. ती भावाच्या हातात दिली.

"दोघांचं रक्त तपासू. मग साखरपुडा."

"म्हणजे माझ्या मुलीत खोट हाय म्हणतेस?"

"माझ्यात हाय. तुझ्यात असू शकते. दोघांच्या मुलांत उतरलेली असली, तर त्यांची मुलं आपल्या बहिणीसारखी निघू शकतात."

"आमच्या लोकांत किती लग्नं झाली अशी. सगळ्यांची मुलं काय वेडीवाकडी झाली?"

"सगळ्यांची न्हाई झाली, अण्णा. आपल्या घरात झाली."

"तिचं नशीब होतं ते."

"नशीब नव्हतं. डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर हो असं होतं."

भावाचा चेहरा लाल झाला. नारळ पिशवीत टाकून तो जिना उतरला. वहिनी मागे वळून बघत गेली. माझा नवरा दारातच उभा होता. तो म्हणाला, "बरोबर केलंस. पण आता लोकांना तोंड द्यायची तयारी ठेव."

लोक आलेच. म्हणजे यायचे थांबले, असं म्हणायला हवं. आमच्या मंडळींतल्या दोन लग्नांची आमंत्रणं मला आली नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले तर बायका वाणाकडे बघून बोलत होत्या. एक जण म्हणाली, रोज त्या किरणांच्या मशीनपाशी उभी राहते, तिथूनच तिला कॅन्सर झाला, आणि आता दुसऱ्यांच्या पोरांना भीती घालते. मी तिथेच माझ्या पर्समधला किरण मोजायचा बिल्ला काढून तिच्यापुढे धरला. "हा सत्तावीस वर्षं माझ्या छातीवर हाय," म्हटलं. "दर तीन महिन्यांनी मोजून येतो. एकदाही मर्यादेबाहेर गेला नाही. मला जे झालं ते मशीनने दिलं नाही, माझ्या आईबापांनी दिलं. त्यांनाही त्यांच्या आईबापांनी दिलं. तुमच्या घरात हाय का नाही, तुम्ही बघितलंय?" तिने तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि गोड बोल म्हणाली. मी तिळगूळ खाल्ला. गोड बोलणं जमलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी भाची दवाखान्यात आली. कोरमंगल्यातल्या ऑफिसातून स्कूटरवर तशीच, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. माझा मुलगा तिच्या मागे. मी जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"कुठं द्यायचं रक्त?" तिने विचारलं.

"बाबांना सांगितलंस?"

"माझं रक्त हाय, आत्या. त्यांचं त्यांनी द्यावं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या वाट्याला अशी हिंमत आली असती तर, असं मनात आलं. सल्लागार मुलीने दोघांना आत घेतलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी म्हटलं, मी घरचीच आहे. ती म्हणाली, "म्हणूनच बाहेर थांबा, अम्मा." मला चांगलंच लागलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, तरी लागलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. बसवनगुडीतल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात उभ्याने कॉफी पिताना त्यांनी मला सांगितला. मुलगा म्हणाला, "दोघांच्यातही हाय, आई. एकेक."

मी कॉफीचा पेला कट्ट्यावर ठेवला. मला रडू यायला हवं होतं, आणि आलंही. पण ते यायच्या आधी क्षणभर काहीतरी दुसरंच वाटलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी खरी ठरले होते. आता हे लग्न आपोआप मोडणार, कुणालाही मोडावं लागणार नाही, असं वाटलं. दोघं एकमेकांना हवी होती आणि मी त्यांच्या दुःखात माझा विजय मोजत होते.

रविवारी सकाळी आम्ही भावाकडे गेलो. भाचीने स्वतःच कागद बापापुढे ठेवला. तिच्यात आहे म्हणजे एकतर त्याच्यात आहे किंवा वहिनीत, आणि मी समोर बसलेली असताना कुणात असेल हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो बराच वेळ वाचत होता, मग चष्मा काढला.

"सरी, ठीक हाय," तो म्हणाला. "मोडू या. लोकांना सांगू, पत्रिका जुळत न्हाई. दुसरीकडं बघायचंय पोरीचं, हे बाहेर जाता कामा नये." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हेच हवं होतं ना तुला?"

हेच हवं होतं मला.

"कुणी सांगितलं मोडायचं म्हणून?" भाची म्हणाली.

भाऊ म्हणाला, "वाचलंस ना तू? कळलं का न्हाई?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळलंय. आम्ही दोन-दोनदा जाऊन बसलो त्या मॅडमकडं. आम्ही लग्न करणार. मूल हवं की नको ते आम्ही ठरवू. हवं असलं तर पोटात असतानाच तपासता येतं. आणि दुसऱ्या कुणाला विचारलं तर खरं सांगायचं, पत्रिकेचं न्हाई. कोण जाणे, त्यांच्या घरात पण असेल." तिचा आवाज चढत नव्हता. "आणि मला स्वतःलापण आता पुढं दरवर्षी तपासत राहायचंय, छातीचं. ते तुम्ही पत्रिकेत कसं लपवणार होता?"

माझा मुलगा तिच्या शेजारी बसला होता. तो फक्त म्हणाला, "मामा, आमचं ठरलंय."

मग मीच उठले. इतके महिने ज्या भावाशी भांडले त्याच्याच बाजूने बोलायला उठले. "चारातलं एक," मी भाचीला म्हणाले. "प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलाला, चारातलं एक. हे कागदावर वाचायला सोपं हाय. तू बघितलेलं न्हाईस. मी बघितलंय. तिची मान मी धुतलीय. पोटात कळलं, आणि तसंच निघालं, तर काय करशील?"

"तेच तुला विचारायचं होतं, आत्या." ती उठून माझ्यासमोर आली. "तू भांडलीस ते आम्हाला माहिती असावी म्हणून. मी तुझ्या बाजूने होते. पण माहिती झाल्यावर तू सांगशील तेच आम्ही करायचं, असं तू कधी म्हणाली नव्हतीस. आता तू सांग. छोटी आत्या पोटात असताना आजीला कळलं असतं, आणि तुला विचारलं असतं, तर तू तिला येऊ दिलं नसतंस?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. भाऊ खाली मान घालून बसला होता, पण ऐकत होता. हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी जो काही राग आजवर सांभाळला, बाबांवर, डॉक्टरांवर, आमच्या लोकांवर, तो सगळा माझ्या तोंडाशी आला. तोंड उघडल्यावर कळलं, की तो तिच्या येण्यावर कधीच नव्हता.

"येऊ दिलं असतं," मी म्हणाले. "ती हवीच होती आम्हाला. तिला जाळायला नको होतं, एवढंच."

भाचीने माझा हात धरला. समोर भावाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके द्यायला लागला. धाकटी बहीण गेल्यापासून तो तिच्यासाठी पहिल्यांदा रडत होता. वहिनी पाणी घेऊन पुढे आली, पण मी तिला मधेच थांबवलं. त्याला रडू दे, म्हटलं.